जाळ्याबाहेरची दुपार

१

माझ्या गच्चीवर तुळससुद्धा टिकत नाही, त्यामुळे मेलेली रोपं मला नवी नाहीत. पण एका दुपारीत खोलीभर रोपं उकडून मेलेली मी पहिल्यांदाच पाहत होते. रॅकवर बाटल्या जागच्या जागी होत्या, झाकणं घट्ट होती, वरच्या ट्यूबलाइट झगझगत होत्या, आणि प्रत्येक बाटलीत संत्र्याच्या रोपाचा काळपट लगदा होता.

"अनसूया, बघून झालं असेल तर खाली ये. कागद करायचाय," मोरोपंत म्हणाले.

मोरोपंत माझ्या वडिलांचे मित्र. कॉलेजात आयुष्यभर फळझाडं शिकवली आणि निवृत्तीनंतर नांदगाव पेठेला ही रोपांची प्रयोगशाळा काढली. मी अमरावतीच्या कोर्टात फौजदारी वकिली करते. त्यांनी मला बोलावलं ते चोर पकडायला नव्हे, तर एका मुलीकडून माफीनामा लिहून घ्यायला. माझ्या निष्काळजीपणामुळे रोपं मेली, मी नोकरी सोडते, एवढाच मजकूर त्यांना हवा होता. एकदा तो कागद झाला की तिला विदर्भात कुठलीही प्रयोगशाळा दारात उभी करणार नव्हती.

ती मुलगी ऑफिसात टेबलापाशी उभी होती. पौर्णिमा काळमेघ. एम.एस्सी. झालेली, मोर्शीकडच्या शेतकऱ्याची लेक, रोपांच्या खोलीची प्रमुख. डोळे सुजले होते, पण मान ताठ होती.

"मी सही नाई करत," मी पेनाचं टोपण काढताच ती म्हणाली.

"पौर्णिमा, तुझ्याच भल्यासाठी सांगतोय. गाजावाजा न होता मिटेल," मोरोपंत म्हणाले.

"मिटवाचं काहून साहेब? माह्या हातानं वाढवलेली रोपं हायेत ते. आपोआप नाई मेली." तिने माझ्याकडे वळून पाहिलं. "वकीलबाई, कोनंतरी मारली त्यायले."

मी पेनाचं टोपण परत लावलं.

२

मोरोपंतांना बाहेर काढायला मला दहा वेळा "काका" म्हणावं लागलं. दार लावून मी पौर्णिमाला बसवलं आणि काय झालं ते पहिल्यापासून सांगायला लावलं.

मे महिना होता. वऱ्हाडातली दुपार कशी असते ते वऱ्हाडातल्या माणसाला सांगायला नको. जेवणं झाली की कूलरपुढे आडवं व्हायचं आणि चहापर्यंत रस्त्यावर कुत्रंही दिसायचं नाही. या प्रयोगशाळेतही तीच रीत होती. आदल्या दिवशी त्या सुस्तीच्या वेळात रोपांच्या खोलीच्या एसीचा खटका पडला. खोली बंद, दिवे चालू, बाहेर आग. रोपं शिजली.

"खटका पडला तर तुला कळत कसं नाही?"

"कळते ना. खोलीत सेन्सर हाय. गरमी वाढली का वायफायवरून माह्या फोनवर अलार्म येते. नवा सेन्सर आनला होता, पन ओलाव्यात तो खोटं दाखवे. म्हून मी जुनाच ठेवला. सारे हसले मले."

"मग काल अलार्म आलाच नाही?"

"आला! पन सारं मेल्यावर आला. मी धावत आली, खटका वर केला. उपयोग काय?"

हे मला खटकलं. बिघडलेलं यंत्र गप्प राहतं. हे आधी गप्प राहिलं आणि मग स्वतःहून बोलू लागलं.

"रोपं मेल्याने कोणाचं भलं झालं?" मी विचारलं.

तिने बंद दाराकडे पाहिलं. मग म्हणाली, "या सोमवारी बाहेरची लॅब तपासाले येनार होती. मीच बोलावली. आमच्या बाटल्यायमधल्या मातृरोपायच्या पानावर पिवळे डाग दिसून राहिले होते. मले वाटते, रोग हाय. आन त्याच रोपायपासून केलेली कलमं, रोगमुक्त म्हून, स्वानंदसरनं बाळापूरकडच्या शेतकऱ्यायले देऊन बी टाकली."

"हे मोरोपंतांना सांगितलंस?"

"साऱ्यायसमोर सांगितलं. साहेब म्हने, तपासू. स्वानंदसर म्हने, तुले काय समजते."

तेवढ्यात दार न ठोठावता उघडलं आणि स्वानंद आत आला.

३

स्वानंद हा मोरोपंतांचा पुतण्या. अकोल्याचं विक्री ऑफिस तोच सांभाळतो. गोड बोलणारा, इस्त्रीचा शर्ट, काकांना मूल नसल्यामुळे उद्याचा मालक. मला पाहून त्याने नमस्कार केला आणि पौर्णिमाकडे न बघता बोलायला लागला.

"अनसूयाताई, मला वाईट वाटतं, पण सांगावं लागेल. मी काल दिवसभर अकोल्यात होतो. दुपारी सहज फोनवर फाटकाचा कॅमेरा उघडला. या बाई स्कूटर ढकलत बाहेर पडत होत्या. मागचं चाक बसलेलं. रोपांची खोली वाऱ्यावर सोडून यांची गाडी दुरुस्तीला चालली होती."

"रेकॉर्डिंग आहे?"

"नाही हो. इथले कॅमेरे फक्त थेट दाखवतात. काकांना कार्डाचा खर्च नको असतो. पण विचारा ना त्यांना, गेल्या होत्या का नाही?"

मी पौर्णिमाकडे पाहिलं. तिने मला हे सांगितलं नव्हतं. माझ्या अशिलाने मला अर्धं सांगितलं की माझं डोकं फिरतं. खरं म्हणजे ती अजून माझी अशीलही नव्हती.

"गेली होती," ती म्हणाली. "पंक्चर होती. दुपारच्या सुट्टीतच गेली. फाटकापासून हाकेवर दुकान हाय. फोन हातात होता. अलार्म आला असता तं पळत आली असती."

"पण नाही ना आला," स्वानंद हसून म्हणाला. "मी केव्हाचं सांगतोय, ते जुनं खोकं फेका. उशिरा जागं होतं. ताई, कागद करून टाका. काकांची तब्येत बरी नसते."

तो गेला. पौर्णिमाने मला विचारलं, "आता तुमी बी लिहानार का तो कागद?"

मला राग आला, आणि बरंही वाटलं. कोर्टात माझ्यापुढे रोज माणसं हात जोडतात. ही पोरगी नोकरी, नाव, सगळं जायची वेळ आली तरी जाब विचारत होती.

"मी ज्याचा कागद लिहिते त्याची आधी खात्री करते. वायफाय कोणी बसवलं?" मी म्हटलं.

४

कुलदीप अकोल्याचा. नेटचं, कॅमेऱ्याचं, इन्व्हर्टरचं काम करतो. फोन केल्यावर दोन-अडीच तासांत मोटरसायकलवरून आला, डोक्याला पांढरा दुपट्टा गुंडाळून. आल्याआल्या त्याने खिशातला कांदा काढून टेबलावर ठेवला. ऊन लागू नये म्हणून आमच्याकडे अजूनही बाळगतात.

"वकीलबाई, पहिलं सांगतो. माह्यावर आळ घेऊ नका. काल मी मूर्तिजापूरले मंगल कार्यालयात स्पीकर लावून राहिलो होतो. नवरदेवाले इचारा."

"आळ नंतर. आधी मला राऊटर समजव."

त्याने समजावलं, आणि चांगलं समजावलं. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास त्याने नवा राऊटर बसवला. नव्या राऊटरला जुन्या उपकरणांचीही भाषा येते, पण ती चालू ठेवावी लागते. जुनी उपकरणं हळू बोलतात, त्यामुळे बाकीच्यांचंही नेट थोडं मंदावतं. म्हणून राऊटरमध्ये एक सेटिंग असते, 'फक्त नवी उपकरणं'. ती लावली की नव्या फोनना काहीच फरक पडत नाही. जुन्या वस्तूंना मात्र जाळ्यात घेतलं जात नाही. त्या चालू असतात, ठणठणीत असतात, पण त्यांचं कोणी ऐकत नाही.

"म्हणजे कोणी ती सेटिंग लावली तर सेन्सर..."

"मुका. आन सेटिंग काढली का पुन्यांदा बोलाले लागते. मी बसवलं त्या दिवशी साऱ्यायले बोलावून सांगितलं होतं, याले हात लावू नका, पौर्णिमाताईचा सेन्सर गप्प बसीन. साहेब होते, प्रणाली होती, स्वानंदसर बी होते."

"पासवर्ड कोणाकडे?"

कुलदीपने कपाळाला हात लावला. "वरच्या कोठीत राऊटरवरच चिटकवला हाय. साहेबाले ध्यानात राह्यत नाई."

"आणि ही सेटिंग अकोल्यातून, मूर्तिजापुरातून बदलता येते?"

"नाई. मी ते बंदच ठेवलं हाय. इथं, या जाळ्यात असलं पाह्यजे."

तर मग काल दुपारी या इमारतीत कोण होतं? मोरोपंत घरी झोपले होते, काकूंच्या देखत. उरली पौर्णिमा, फाटकावरचे खुशालराव आणि ऑफिसातली प्रणाली. आणि प्रणालीने, कुलदीप म्हणाला, गेल्या आठवड्यात तीनदा त्याला फोन केला होता, नेट जोरात कर म्हणून.

५

प्रणाली विशीतली, हिशेब आणि फोन सांभाळणारी. मी नेटचं नाव काढलं आणि ती रडायलाच लागली.

"मॅडम, मी काईच नाई केलं. काल मले पाहाले आले होते."

"इथे?"

"व्हिडिओवर. पोरगा पुण्याले असते. त्याची आई, आत्या, मामा, सारे बसले होते. घरी नेट नाई म्हून इथं कूलरपुढं बसली. म्हून कुलदीपदादाले सांगून राहिली होती, नेट जोरात पाह्यजे."

"मग तूच नाही ना ती सेटिंग लावलीस? नेट जोरात व्हावं म्हणून?"

"मले ते लावता येत असतं तं दादाले तीनदा फोन कायले केला असता? आन लावाले हात तं मोकळे पाह्यजे! त्याच्या आत्यानं मले सुरुवातीपासून आखरीपर्यंत भरतकाम दाखवाले लावलं. साऱ्यायची नजर माह्या हातावर. दोनदा तेवढा कॉल कटला. एकदा सुरुवातीले, एकदा चहाच्या आधी. कटला, आन मिनिटात आपोआप लागला. आत्या म्हने, पोरीकडं नेट बी नाई बरोबर."

मी कुलदीपकडे पाहिलं. त्याचे डोळे मोठे झाले होते. "सेटिंग बदलली का राऊटर एकडाव बंद होऊन चालू होते," तो म्हणाला. "एकदा लावली. एकदा काढली."

म्हणजे कॉल दोनदा का तुटला ते कळलं. मधल्या वेळात प्रणालीचा नवा फोन मजेत चालू होता. आता मला आणखी एक जुनी वस्तू हवी होती, म्हणजे सेन्सर एकटाच रुसला नव्हता हे दिसलं असतं. मी फाटकाकडे निघाले.

खुशालराव केबिनमध्ये फोनवर भजन ऐकत बसले होते. फोन ओळखीचा वाटला. तो पूर्वी मोरोपंतांच्या खिशात असायचा. मोरोपंतांनी आयुष्यात काही टाकलं नाही. नवं आलं की जुनं खाली सरकतं, शेवटी सगळं फाटकावर येतं.

"खुशालराव, काल दुपारी हा फोन चालला होता?"

"कायचा चालते बाई! जेवन झालं, भजन लावलं, आन गप्प. आपटला, झटकला. ते पौर्णिमाताई गाडी ढकलत इथूनच चालली होती, तिलेच इचारलं म्या, ताई, तुयं चालून राहिलं का? ते म्हने, मले घाई हाय काका, आल्यावर पाह्यतो. मंग लय वेळानं आपोआप लागलं. एक अभंग झाला नसंन, तं ताई पळत आली, रोपं गेली म्हने."

मी त्यांना ते पुन्हा सांगायला लावलं. पौर्णिमा फाटकातून गेली तेव्हा त्यांचा फोन बंद पडलेला होता, हे नक्की का?

"नक्की म्हंजे? त्याच्यासाठीच तं बोललो तिच्याशी."

मी वर पाहिलं. केबिनच्या खांबावर कॅमेरा होता. पांढराशुभ्र, चकचकीत, नवाकोरा दिसणारा. माझा सगळा तर्क त्याच्यापाशी येऊन अडला. पंक्चर गाडी, ढकलत जाणारी पौर्णिमा, हे स्वानंदला या कॅमेऱ्यातून दिसलं होतं, आणि नवा कॅमेरा त्या वेळी चालू असणारच.

"कुलदीप, हा केव्हा बसवलास?" मी निराश होऊन विचारलं.

कुलदीप खो खो हसला. "बाई, तो नवा कुठं हाय?"

६

संध्याकाळी मी सगळ्यांना ऑफिसात बसवलं. मोरोपंत खुर्चीत, स्वानंद त्यांच्या मागे उभा, पौर्णिमा माझ्या शेजारी. कुलदीप, प्रणाली आणि खुशालराव दाराशी.

"कागद झाला?" मोरोपंतांनी विचारलं.

"नाही. तो मी लिहिणार नाही. काका, स्वानंद, दोघांनी आपापल्या फोनवर फाटकाचा कॅमेरा उघडा. दिसतंय?"

दिसत होतं. फाटक, रस्ता, समोरचं कडुनिंब.

"खुशालराव, भजन लावा." भजन सुरू झालं.

मी कुलदीपला खूण केली. त्याने आपल्या फोनवर काहीतरी दाबलं. क्षणभर सगळ्यांचं नेट गेलं. मग प्रणाली म्हणाली, माझं आलं. मोरोपंत म्हणाले, माझंही आलं. भजन मात्र बंदच राहिलं. आणि दोन्ही फोनवर फाटक, रस्ता, कडुनिंब यांच्या जागी काळा चौकोन होता.

"कॅमेरा बिघडला," स्वानंद म्हणाला.

"बिघडला नाही. कुलदीपने राऊटरला फक्त नवी उपकरणं घ्यायला सांगितलं. काल दुपारीही कोणीतरी हेच केलं. सेन्सर मुका झाला, खुशालरावांचा फोन मुका झाला, प्रणालीचा चालू राहिला."

"पण हा कॅमेरा तर नवा आहे!" त्याच्या तोंडून निघून गेलं.

"तुलाही तसंच वाटलं ना? हा पूर्वी रोपांच्या खोलीत होता, सेन्सरबरोबरच घेतलेला. तिथे नवा आल्यावर काकांनी हा फाटकावर धाडला. पावसाने भिजू नये म्हणून कुलदीपने त्याला वरून नवा डबा चढवला. डबा नवा, आतला जीव जुना. तू अकोल्यात असतोस, या घरात जुनं कसं खाली सरकतं ते तुला ठाऊक नाही."

 मी पुढे झाले.

"पौर्णिमा फाटकातून गेली तेव्हा खुशालरावांचा फोन जाळ्याबाहेर होता. म्हणजे कॅमेराही जाळ्याबाहेर होता. त्या वेळी अकोल्यातच काय, जगात कुठेही बसून कोणाला हे फाटक दिसू शकत नव्हतं. तरी तू पाहिलंस. मागचं चाक बसलेलं, ती ढकलतेय, सगळं बरोबर सांगितलंस. ते फक्त वरच्या कोठीच्या खिडकीतून दिसतं. नर्सरीच्या बाजूचं मागचं फाटक उघडं असतं आणि दुपारी तिकडे माणूस नसतो. तू आलास, सेन्सर मुका केलास, पौर्णिमा बाहेर पडायची वाट पाहिलीस, एसीचा खटका पाडलास. रोपं शिजल्यावर सेटिंग जागेवर नेऊन ठेवलीस आणि आलास तसा गेलास. सेन्सर फोडला असतास तर घातपात दिसला असता. म्हाताऱ्या यंत्रावर आणि तरुण पोरीवर ढकलणं सोपं होतं."

मोरोपंत मागे वळले. "स्वानंद?"

"ही सगळी कथा आहे, काका."

"मग ती कशी गेली हे तुला कोणी सांगितलं?" त्यांनी विचारलं. "मलासुद्धा ते तुझ्याकडूनच कळलं."

स्वानंदने फोन खिशात टाकला. तो म्हणाला, "त्या तपासणीने तुमचं नाव मातीत गेलं असतं. मी ते वाचवलं." मग त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि तो गोडवा पहिल्यांदाच गेलेला दिसला. "आणि रोग होता हे आता कोण सिद्ध करणार? सगळं मेलंय."

७

मोरोपंत एकदम थकलेले दिसू लागले. त्यांनी पौर्णिमाला जवळ बोलावलं.

"बाळ, मी चुकलो. तुझी नोकरी आहे, होतीच. पगारही वाढवू. फक्त हे... घरातल्या घरात राहू दे. माझं सगळं आयुष्य या नावात आहे." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "अनसूया, तू तरी समजाव तिला. तू माझी वकील आहेस."

"होते, काका," मी म्हटलं. "सकाळी टोपण लावलं तेव्हाच संपलं ते. आता मी हिची आहे, हिने ठेवलं तर. पोलिसांत जायचं की नाही, हे तीच ठरवील."

वडिलांच्या मित्राशी असं बोलताना मला वाईट वाटलं. पण त्यांनी सकाळी तिचा गळा कापायला माझं पेन मागितलं होतं, हे मी विसरले नव्हते.

पौर्णिमा उभीच होती. तिने ना पगाराबद्दल काही विचारलं, ना पोलिसांबद्दल.

"साहेब, इथली मेली. बाळापूरची जित्ती हायेत," ती म्हणाली.

स्वानंदने मान वर केली.

"ट्रेमधी, अंगनात, सावलीत ठेवली हायेत लोकायनं. पाऊस पडला का लावतीन. लावली तं आजूबाजूच्या जुन्या बागा बी जातीन. आता फोन लावा. पहिला नत्थुजीले लावा, त्यायच्या शब्दावर बाकीच्यायनं घेतली."

"उद्या सकाळी..."

"आता."

मोरोपंतांनी फोन काढला. नत्थुजींचा नंबर लावला आणि स्पीकर चालू करून फोन टेबलावर ठेवला. पलीकडून मोठ्याने आवाज आला. "रामराम साहेब! खड्डे तयार हायेत बरं का आपले!"

मोरोपंतांनी फोन आपल्यापासून दूर सरकवला.   स्वानंद फोनकडे हात नेऊ लागला तसा कुलदीप दारातून पुढे झाला आणि त्याच्या आणि टेबलाच्या मधे येऊन उभा राहिला.

पौर्णिमाने फोन उचलला.

"नत्थुजी काका, मी पौर्णिमा बोलून राहिली, प्रयोगशाळेतून. रोपं जमिनीत घालू नका. कोनीच घालू नका. तपासाले मी सकाळी येतो. त्यायच्यात रोग हाय, असं मले वाटते." रोपं वाटेत कोणी बदलली का, असं नत्थुजींनी विचारलं. तिने मोरोपंतांकडे सरळ पाहिलं. "नाई काका, कोनं बदलली बिदलली नाई. आमीच देली तुमाले."